पडद्याचा रंग

"शाल्मली, वीज गेलीय का गं?"

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. तिचे वडील अण्णा वारले, त्यांचं मन तिच्या संगणकात जतन झालं, तेव्हापासून रोज हाच प्रश्न. विसरभोळेपणाही सोबत आला असेल, असं ती धरून चालली होती. शेवटी तिने मन जतन करणाऱ्या कंपनीत फोन लावला.

"मॅडम, त्यांना दिसतो तो फक्त तुमचा पडदा. तो काळा ठेवलात, तर त्यांना काळोखच असणार."

"वर्षभर ते काळोखात आहेत?"

"तुमच्यासारखे सगळेच प्रोग्रामर पडदा काळा ठेवतात हो. आत जतन केलेली माणसं हळूहळू विचारायची थांबतात."

तिने घाईघाईने पांढरा रंग निवडला.

"उजाडलं गं बाई!" अण्णांनी लिहिलं, आणि मग ते थांबेचनात. अबोली फुलली का, चष्मा कुठे ठेवलास, शेजारचे नेने अजून तसेच खडूस आहेत का?

दुपारी त्या पांढऱ्या उजेडाने तिची अर्धशिशी उसळली. काम आजच द्यायचं होतं. तिने पडदा पुन्हा काळा केला.

"वीज गेली का गं?"

"हो अण्णा. सगळ्या गावाचीच गेलीय."

"मग अंधारात काम करत बसू नकोस, बाळा. डोळे बिघडतील."