मेहकचा सत्कार

टेलर नौशादभाईंची मेहक चार वर्षं रोज स्लॅबवर दुर्बीण लावून एकच अंधुक तारा बघत होती, कारण तो कधीतरी अचानक भडकणार होता. गेल्या सोमवारी तो भडकला आणि जगात सगळ्यात आधी तिलाच दिसला. परदेशातल्या संस्थेनं कळवलं, "पंधरा दिवसांत तो पुन्हा विझेल. तोवर रोज त्याचं तेज मोजा, एकही रात्र चुकवू नका. पृथ्वीच्या तुमच्या बाजूला मोजणारं दुसरं कुणी नाही."

दौंडच्या वार्ताहरानं बातमी दिली, 'अंधारात बसून तरुणीनं टिपला तारा.' त्यातला अंधार तेवढा सरपंच पोपटरावांना झोंबला. शाळेच्या रस्त्याला दिवा मागितला तवा सात वर्षं निधी नव्हता. नौशादभाईंच्या दारात मात्र तीन दिवसांत हायमास्ट उभा राहिला.

शनिवारी दिवस मावळताना सत्कार झाला. शाल, नारळ, फ्लेक्स, सगळं. मेहक हळूच सरपंचांना म्हणाली, "आप्पा, एवढे दहा दिवस हा दिवा लावू नका. मला अंधारच लागतो."

पोपटराव माईकवर हसले. "बघा, किती सवय लागलीय पोरीला अंधाराची. चूक आपली हाय. आता न्हाई बसायचं अंधारात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नौशादभाईंनीही वाजवल्या, न वाजवून जातात कुठं.



बटण मेहकच्याच हातानं दाबून घेतलं, आणि फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा वर बघा."