दोन बोटं उजवीकडे

जत्रा भरायच्या आत नव्या छऱ्याच्या बंदुकीवर हात बसायला हवा होता. शेवंताबाईनं स्वतः फुगे फोडून दाखवले, की तिच्या स्टॉलवर गिऱ्हाईक गोळा व्हायचं. पण सकाळपासून प्रत्येक छर्रा फुग्याच्या दोन बोटं उजवीकडे जात होता.

“दुकानदारानं वाकडी बंदूक गळ्यात मारली,” ती सुनेवर डाफरली. “वीस वर्षांत माझा नेम चुकलाय कधी?”

“मी बघू, आत्याबाई?” आजवर बंदुकीला हातही न लावलेल्या सुनेनं नेम धरला. पहिल्याच छऱ्याला फुगा फुटला.

शेवंताबाई पोट धरून हसली. जुनी बंदूक डावीकडे मारायची, म्हणून वीस वर्षं ती उजवीकडे नेम धरत आली होती!

“ही तुझ्याकडे ठेव,” म्हणत तिनं जुनी काढून पदरानं पुसली. “आम्हा दोघींच्या खोडी आम्हालाच ठाऊक.”