सॅन्टन गेला

ॲनिशा निर्मळ गावी पोचली तेव्हा सॅन्टन अंकल ओटीवर बसून स्वतःवरचाच मृत्युलेख वाचत होते. मोबाइल हातभर लांब धरला होता.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले.

"सॉरी अंकल. चुकलं माझं."

चूक साधीच. गावात सॅन्टन दोन, एक केळीवाला, एक तळ्याकडचा. गेला तो तळ्याकडचा. सकाळी चर्चची मयताची घंटा झाली आणि ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'सॅन्टन गेला.' गावात राहणाऱ्याने आधी विचारलं असतं, कुठला? पण ॲनिशा आता एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहते, आणि तिला घाई होती. गेल्या महिन्यात केळीवाले अंकल इस्पितळात होते, तेव्हाच तिने लेख लिहून ठेवला होता.

चार वर्षं ती गावावर ब्लॉग लिहिते. केळीची लागवड, केळी वाळवून सुकेळी करायची रीत, सगळं अंकलनीच तिला बसून सांगितलं. सुकेळीचा लेख एकोणीस जणांनी वाचला, त्यात दोनदा तिनेच. मग एक जुने मास्तर वारले, आणि त्यांच्यावरचा लेख दोन हजारांनी वाचला. मेलेल्याचं कौतुक करायला आपल्याकडे आमंत्रण लागत नाही. ब्लॉग कशावर चालतो ते ॲनिशाला कळलं. तेव्हापासून गावात कुणी अंथरूण धरलं की तिची बोटं शिवशिवायची. स्वतःची शरम वाटायची, तरी लिहायची.

आज दुपारपर्यंत अकरा हजार झाले होते.

"काढते अंकल. आत्ता काढते."

"थांब. खाली जेन्सनने लिहिलंय. वाच."

जेन्सन त्यांचा मुलगा. कॅनडाला गेला त्याला नऊ वर्षं झाली. आईच्या, एस्थर आंटीच्या, मातीलाही आला नव्हता. गेली तीन वर्षं तर फोनसुद्धा नाही.

तिने वाचलं. 'डॅडी, माफ करा. तिकीट मिळालं, उद्या निघतोय. मी येईपर्यंत कुणी माती देऊ नका.'



"तो विमानात बसला की काढ," अंकल म्हणाले. "तोवर मला मेलेलाच ठेव."

"आणि इथे आल्यावर? तुम्हाला बघून?"

"रागावेल. रागवायला का होईना, समोर तर उभा राहील."

इतक्यात त्यांच्या हातातला मोबाइल वाजला. पडद्यावर जेन्सनचं नाव होतं. कुणी उचलतंय का, ते बघत असणार. अंकलचा अंगठा हिरव्या खुणेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

मग त्यांनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला, आणि वाजायचा थांबेपर्यंत त्यावर हात दाबून धरला.