पुस्तकातलं सूप

"बाबा, आज तुम्ही आमच्याबरोबर बसायचं," नादेज म्हणाली आणि मागच्या स्वयंपाकघरातली सासऱ्यांची खुर्ची स्वतः उचलून पुढच्या मोठ्या टेबलाशी घेऊन आली.

सासरे, मार्सलां, चमचा हातात घेऊन तिच्या मागोमाग आले आणि दारातच थबकले. "पाहुणी गेली का?"

"नाही. पाहुणीलाच तुम्ही हवे आहात."

पाहुणी म्हणजे तिनेके. हॉलंडची बाई, माडीवरच्या खोलीत आठवड्यासाठी भाड्याने उतरलेली. रोज अक्रोडाच्या झाडाखाली पडून ती एक फ्रेंच पुस्तक वाचायची. नोकरीला आणि नवऱ्याला कंटाळलेली कुणी परदेशी बाई इथे फ्रान्सच्या पेरिगोर भागात येते आणि तिला स्वतःचा शोध लागतो, असं ते पुस्तक. वाचून झाल्यावर तिने ते नादेजला दिलं. नादेजने आधी नाक मुरडलं. तिचा जन्म फ्रान्समधलाच, आणि तिला अजून गॅरेजची किल्लीसुद्धा वेळेवर सापडत नव्हती. शिवाय त्या पुस्तकात पाहुण्यांचे संडास कोण घासतं, याचा कुठे पत्ताच नव्हता. तरी इस्त्रीची कामं तशीच टाकून तिने ते वाचलं.

मधेच एक प्रसंग होता. एक म्हातारा शेतकरी सूप संपत आलं की उरलेल्या घोटभर सुपात लाल वाइन ओततो, वाडगं दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावतो आणि गटागटा पितो. ते बघून पुस्तकातल्या बाईला रडू येतं. आपण आजवर जगलोच नाही, हे तिला तेव्हा कळतं.

नादेजने पुस्तक मिटलं होतं. तिचे सासरे अगदी असंच प्यायचे. घरात पाहुणे ठेवायला लागल्यापासून तिने ते बंद केलं होतं. "जनावरासारखं काय ते, लोक बघतात," एवढंच ती एकदा म्हणाली. त्यावर वाद झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा सगळ्यांच्या आधी, मागे कपडे धुण्याच्या मशिनसमोर बसून एकटा जेवू लागला. पुस्तक वाचताना तिला आपल्या त्या बोलण्याची लाज वाटली, नाही असं नाही. पण तिनेकेने विचारलं, "तुमच्याकडे असं कुणी करतं का हो?" तेव्हा ती चटकन बोलून गेली, "म्हणजे काय, माझे सासरे रोज करतात."

टेबलाशी नादेजचा नवरा रेजिस पाव कापत होता. बापाला बघून म्हणाला, "आज काय सण आहे?" बायकोने डोळे वटारले, तसा तो पुन्हा पावाकडे वळला.

कोबीचं सूप वाढलं गेलं. मार्सलां ताठ बसून चमच्याने खात होते. आवाज म्हणून नाही. शाळेतल्या शहाण्या मुलासारखे वाडग्याच्या काठाला चमचा पुसून पुसून तोंडात घालत होते. तळाशी थोडं सूप उरलं, तेव्हा नादेजने बाटली त्यांच्याकडे सरकवली. तिनेकेने हळूच फोन उचलला.

म्हाताऱ्याने बाटलीकडे बघितलं, मग सुनेकडे.

"करा ना, बाबा," नादेज म्हणाली. "तुमचं नेहमीचं."

"ते सुपात वाइन घालून पितात ना, ते," तिनेके उत्साहाने म्हणाली. "मी पुस्तकात वाचलंय."

"ते होय." म्हातारा हसला. "ते आमच्या बापाच्या वेळचं, बाई. आता आमच्या घरात नाही कुणी करत."

तिनेकेचा फोन खाली आला. "पण नादेज तर म्हणाली, तुम्ही रोज..."

नादेजचे कान तापले. मान वर करायची तिला सोय उरली नाही. रेजिसची सुरी पावात तशीच थांबली होती.

"रोजच की," मार्सलां म्हणाले. "वय झालं, बाई. आज सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही मला."

त्यांनी बाटली उचलून वाडग्यात वाइन ओतली. सवय मोडलेली होती. वाडगं ओठांशी नेताना जरा जास्तच कललं आणि हनुवटीवरून एक धार खाली टेबलक्लॉथवर सांडली. बाकीचं सगळं ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग नादेजकडे न बघता वाडगं खाली ठेवलं.

तिनेकेने फोटो काढला होता. तिचे डोळे भरून आले होते. "किती मोकळी माणसं तुम्ही," ती म्हणाली. "कुणाची भीती नाही, कुणाची पर्वा नाही. आम्हाला हे जमतच नाही."

रेजिसने बापापुढे पाव धरला, तो त्यांनी उजव्या हाताने घेतला. डावा तळहात त्यांनी टेबलक्लॉथवर दाबून धरला होता. बोटांच्या फटींतून लाल डाग हळूहळू बाहेर येत होता, आणि ते बोटं आणखी जवळ घेत होते.

नादेजला ते बघवेना. ती वाकून अगदी हळू म्हणाली, "बाबा, काढा तो हात. असू दे."

"थांब गं, पोरी," म्हातारा तितक्याच हळू म्हणाला. "पाहुणी उठू दे. मग धुतो मी."