नव्वद दिवसांची शांतता

सोमवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, फळांच्या शीतगृहाच्या पहिल्या मजल्यावरील नियंत्रण कक्षात प्रोग्रामर लॅपटॉप उघडून बसला. त्याचा मेहुणा, शीतगृहाचा फोरमन, दहा वाजताच एक झडप तपासायला तळघरात उतरला होता. एकटाच उतरला होता. पूर्वी दाराशी दुसरा माणूस उभा राहत असे. कारण फळे टिकावीत म्हणून कोठ्यांत भरलेला नायट्रोजन तळघरात झिरपला, तर ना वास येतो ना ठसका लागतो, माणूस नुसता खाली बसतो. चार महिन्यांपूर्वी प्रोग्रामरने तिथे प्राणवायू मोजणारे यंत्र बसवले. प्राणवायू घटला की यंत्राने भाड्याच्या क्लाउडवरील प्रोग्रामला कळवायचे आणि प्रोग्रामने भोंगा वाजवायचा. त्या दिवसापासून दाराशी माणूस ठेवणे बंद झाले.

“चार महिन्यांत तुमचं यंत्र एकदाही बोंबललं नाही,” शेजारी उभ्या असलेल्या शीतगृहाच्या मालकीणबाई म्हणाल्या. “दुसऱ्या तळघरालाही असंच गुणी बसवा.”

“सगळं ठीक असलं की गप्प बसायचं, हे मीच त्याला शिकवलंय. दर मिनिटाला खुशाली कळवायला ते काय परगावी गेलेलं लेकरू आहे?”

“आणि सर्व्हर सांभाळायला माणूस लागेल का?”

“छे. तेवढ्यासाठीच तर क्लाउड घेतला. ती कंपनी सगळं बघते.”

कंपनीने खरोखरच बघितले होते. पडद्यावर प्रोग्रामच्या नावापुढचा ठिपका राखाडी होता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘नव्वद दिवसांत एकही संदेश न आल्याने थांबविण्यात आले आहे.’ तारीख एक महिन्यापूर्वीची होती. कंपनीची पत्रे जाहिरातींच्या कप्प्यात परस्पर पडावीत, अशी सोय त्याने स्वतःच करून ठेवली होती. तीन सूचना त्या कप्प्यात न उघडता पडून होत्या.

“काय झालं?”

“काही नाही. झोपलंय. उठवतो.”

त्याने बटण दाबले. पडद्यावर चक्र फिरू लागले. तेवढ्यात त्याने मेहुण्याला फोन लावला.

“खाली रेंज कुठे असते?” मालकीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला ठाऊक नाही होय?”

त्याला ठाऊक होते. त्याने पुन्हा लावला.

ठिपका हिरवा झाला. त्याने रोखलेला श्वास सोडला, आणि रिकाम्या पानावर पहिली ओळ उमटली. न पोहोचलेले निरोप यंत्राने जपून ठेवावेत आणि वाट मोकळी होताच क्रमाने हाती द्यावेत, ही दूरदृष्टीही त्याचीच होती. दहा वाजून बारा मिनिटे, प्राणवायू अठरा टक्के. दहा तेरा, पंधरा. दहा चौदा, अकरा. ओळींमागून ओळी येत राहिल्या. शेवटची दहा सेहेचाळीसची होती. सहा टक्के.

मग इमारतभर भोंगा वाजू लागला.

तो जिना उतरून धावला. तळघराचे दार शीतगृहाची यंत्रे चालवणाऱ्या इंजिनवाल्या काकांनी सताड उघडून त्याला क्रेट लावला होता, आणि ते स्वतः चौकटीत दोन्ही हात पसरून उभे होते. त्यांच्या खांद्यावरून खालची पायरी दिसत होती. तिच्याशी एक विजेरी आडवी पडून जळत होती. तिचा उजेड भिंतीवर एकाच जागी स्थिर होता.

“काका, बाजूला व्हा. तो माझा मेहुणा आहे.”

“माहीत आहे मला. किती वाजल्यापासून प्राणवायू कमी आहे?”

तो काकांच्या हाताखालून आत शिरू पाहू लागला. काकांनी त्याला अडवून पुन्हा तेच विचारले.

“दहा वाजून बारा मिनिटांपासून,” तो म्हणाला.

काकांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. हात मात्र चौकटीवरून काढला नाही.

“मग घाई करण्यासारखं काही राहिलं नाही,” ते म्हणाले. “आत कोणी उतरायचं नाही.”