उरलेले बाबा

फंडाचा अहवाल तपासायला सुनेत्रा बसली, तेव्हा पडद्यावर तिचे वारलेले बाबा हसले. कंपनीने त्यांच्या मेंदूच्या शंभर प्रती काढून प्रत्येकीला वायदेबाजारातला एकेक फंड चालवायला दिला होता; फंड बुडाला की प्रत पुसायची. आता ही एकच उरली होती, आणि गुंतवणूकदारांना दाखवलेला घसघशीत नफा एकट्या हिचाच होता.

“बाबा, बुडालेल्या नव्व्याण्णव फंडांचा तोटा यात कुठाय?”

“गेलेल्यांचा हिशेब कोण मागतं, पोरी? कर सही.”

सुनेत्राने पेन खाली ठेवलं. बंद पडलेल्या फंडांचं आधी विचारायचं, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. ते शिकवणारे बाबा तोट्यातच गेले असणार. कंपनीने त्यांना केव्हाच पुसून टाकलं होतं.