बर्फाची पेटी

“ताई, बाळ पोटातच गेलं गं.” पाठच्या बहिणीचा फोनवरचा तो आवाज तिच्या कानातून कधी गेलाच नाही. गर्भाला श्वास कसा पुरतो, हे शोधण्यात ती बुडालेली, तोंडून आधी निघालं, “कितवा आठवडा? नाळ-वार टाकू देऊ नकोस, तपासायला हवी. माणूस पाठवते.” त्याच तपासणीवर पुढे तिचं नाव झालं. आज निवृत्तीच्या दिवशी बहीण प्रयोगशाळा आवरायला आली होती. निळी बर्फाची पेटी उचलत मदतनीस हसला, “बाईंचा संसार म्हणजे हीच की.” ताईची मान खाली गेली. “टाकून दे,” ती पुटपुटली. बहिणीने झोपलेल्या लेकरावर ठेवावा तसा झाकणावर हात ठेवला. “दवाखान्यात दार वाजलं, तेव्हा मी सरकून खाटेवर जागा केली होती, ताई. म्हटलं, जवळ येऊन बसशील. आणि आली ती ही पेटी.”